दिव्याचे दान आणि दात्याचे दायित्व

तिन्हीसांजेस पुजारी गाभाऱ्यातील समईची वात सारखी करतो, तेलाची धार सोडतो, आणि सभामंडपात बसलेली माणसे बोलणे थांबवून आपोआप हात जोडतात. ज्या समाजात आम्ही वाढलो त्या समाजाने दिव्याकडे केवळ उजेडाची सोय म्हणून कधी पाहिले नाही. दीपदान हे आमच्याकडे मोठ्या पुण्याचे कृत्य मानले गेले आहे. मंगेशीचा किंवा कवळ्याचा दीपस्तंभ पणत्यांनी उजळलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांस या श्रद्धेचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि या पुण्यकृत्यासंबंधी एक प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत आहे. ज्याने दिवा दिला त्याचे कर्तव्य दिवा देताच संपते काय? त्या दिव्याच्या उजेडात पुढे जे घडेल, त्याचा काही अंश दात्याच्या पदरी येतो की नाही?

हा प्रश्न आम्हांस एखाद्या पुराणकथेवरून सुचला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील कोळशाच्या खाणीत एक दिवा जन्मास आला, त्याच्या इतिहासाने तो आमच्यापुढे उभा केला. तो इतिहास वाचकांसमोर ठेवावा आणि त्यावर आमच्या परंपरेच्या दृष्टीने थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तो काळ मोठा विलक्षण होता. १८०० साली इटलीतील व्होल्टाने धातूंच्या चकत्या एकावर एक रचून विद्युत्प्रवाह अखंड वाहता ठेवण्याची युक्ती जगापुढे मांडली. १८०४ मध्ये वेल्समधील पेनिडॅरन येथे ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन रुळांवरून गाड्या ओढू लागले. जेन्नरने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेली देवीची लस समुद्र आणि वाळवंट ओलांडून १८०२ च्या जून महिन्यात मुंबईस पोहोचली, आणि तेथील ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोचण्यात आली. सृष्टीची गुपिते एकामागून एक उलगडत होती, आणि ती उलगडणाऱ्यांपुढे एक नैतिक प्रश्नही त्याच वेळी उभा राहत होता. सापडलेले ज्ञान हे सापडविणाऱ्याचे धन, की सर्वांचे?

कोळसा हा त्या युगाचा प्राण होता. वाफेची यंत्रे कोळशावर चालत, लंडनची चूल कोळशावर पेटे, आणि हा कोळसा मुख्यतः टाइन व वेअर या नद्यांच्या परिसरातील खोल खाणींतून येई. खाण जितकी खोल, तितका तीत एका अदृश्य शत्रूचा वास अधिक. कोळशाच्या थरांत कोंडलेला ज्वालाग्राही वायू, ज्यास आज आपण मिथेन म्हणतो, तो भेगांतून बाहेर पडे. हवेत त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधराच्या दरम्यान आले की मेणबत्तीची एक ज्योत सारी खाण उडवून देण्यास पुरेशी होई. उजेडावाचून तर काम होणे नाही! म्हणून काही ठिकाणी पोलादी चाक गारगोटीवर फिरवून उडणाऱ्या ठिणग्यांच्या अंधूक प्रकाशात माणसे कोळसा फोडीत. चाक फिरविण्यास बहुधा एखादा मुलगा ठेवलेला असे. हा उपायही निर्धोक नव्हता. त्या ठिणग्यांनीही स्फोट झालेले आहेत.

२५ मे १८१२ रोजी न्यूकॅसलजवळील फेलिंगच्या खाणीत असाच स्फोट झाला आणि ९२ जीव गेले. त्यांत बापांबरोबर मुलगे होते. हवेच्या वाटेवरील दारे उघडण्या-मिटण्यासाठी अंधारात तासन्‌तास बसून राहणारी आठ-दहा वर्षांची पोरेही होती. आतील आग विझावी म्हणून खाणीची तोंडे बंद करावी लागली. त्यामुळे बहुतेक प्रेते वर काढण्यास प्रारंभ झाला तो सुमारे सहा आठवड्यांनी. ज्या बायका रोज खाणीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहत, त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी.

या घटनेत आमचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो जॉन हॉजसन नावाचा धर्मोपदेशक. मृतांपैकी बहुतेकांचे दफन त्याच्याच हेवर्थच्या चर्चच्या आवारात झाले. अंत्यविधी करावे, चार सांत्वनाचे शब्द बोलावे, ईश्वरेच्छेपुढे मान तुकवावी, एवढ्यावर त्याचे विहित कर्तव्य संपत होते. त्या भागात खाणीतील अपघातांविषयी जाहीर वाच्यता न करण्याचा शिरस्ता होता, मालकांस ती रुचत नसे, आणि वृत्तपत्रेही मालकांची मर्जी राखून असत. हॉजसनने हा शिरस्ता मोडला. खाणीचा नकाशा, वायुवीजनाची व्यवस्था, मृतांची नावे व वये या सर्वांसह त्याने अपघाताचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. ज्यांच्या मरणाची नोंद मालकाच्या वहीपलीकडे गेली नसती, त्यांस त्याने जगापुढे नाव मिळवून दिले. देवळाशी ज्यांचा संबंध आहे अशा आम्हां सर्वांस यात एक धडा आहे. ईश्वरेच्छा म्हणून जे आपण सोसतो, त्यांतील किती भाग मनुष्याच्या आळसाचा व लोभाचा आहे, हे तपासून पाहणे हेही ईश्वराच्या सेवकाचेच काम आहे.

पुढच्याच वर्षी, १८१३ मध्ये, सुंदरलंड येथे खाणींतील अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. क्लॅनी नावाच्या वैद्याने भात्याने हवा पाण्यातून आत ढकलणारा एक दिवा तयार केला होता, पण तो बोजड असल्याने रोजच्या कामास फारसा उपयोगी पडण्यासारखा नव्हता. अखेर १८१५ च्या उन्हाळ्यात मंडळाच्या वतीने रॉबर्ट ग्रे या धर्मोपदेशकाने सर हम्फ्री डेव्हीस पत्र लिहून साहाय्य मागितले.

डेव्ही त्या वेळी कीर्तीच्या शिखरावर होता. कॉर्नवॉलमधील पेन्झान्स या लहानशा गावी १७७८ मध्ये जन्मलेला हा मुलगा स्वतःच्या बुद्धीवर लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला होता. १८०७ मध्ये विजेच्या साहाय्याने त्याने पोटॅशियम व सोडियम हे धातू प्रथमच वेगळे काढले होते. त्याची व्याख्याने ऐकण्यास लंडनमधील प्रतिष्ठितांची झुंबड उडे. अशा मनुष्याने कोळशाच्या खाणीतील मजुरांची विनंती बाजूस सारली असती तरी त्यास कोणी नाव ठेविले नसते. डेव्हीने तसे केले नाही. तो न्यूकॅसलच्या परिसरात गेला, हॉजसनला व खाणींचा जाणकार जॉन बडल याला भेटला, आणि त्यांनी पाठविलेला खाणीतील वायू बाटल्यांतून लंडनला मागवून प्रयोगास लागला. मायकेल फॅरडे नावाचा त्याचा तरुण साहाय्यक या कामी त्याच्या हाताशी होता.

डेव्हीने आरंभ केला तो दिव्यापासून नव्हे, ज्वालेपासून. हा वायू केव्हा पेटतो, किती उष्णतेने पेटतो, ज्वाला एका जागेहून दुसऱ्या जागी कशी जाते, हे त्याने पाहिले. अरुंद नळीतून स्फोट पलीकडे जात नाही असे त्यास आढळले. कारण असे की, ज्वालेची उष्णता नळीचा धातू शोषून घेतो, आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. नळ्या जितक्या अरुंद, तितक्या त्या आखूड असल्या तरी चालतात. मग तारेच्या बारीक जाळीचे प्रत्येक छिद्र म्हणजे एक अत्यंत आखूड नळीच नव्हे काय? एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेली जाळी ज्योतीभोवती नळकांड्यासारखी बसविली की झाले. हवा आत येते, उजेड बाहेर जातो, पण ज्वाला जाळीच्या आतच राहते. एवढेच नव्हे, वायूचे प्रमाण वाढू लागले की ज्योत उंचावते व तिच्याभोवती निळसर प्रभा दिसते, म्हणजे दिवा स्वतःच धोक्याची सूचना देतो.

जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत या दिव्याची कसोटी झाली. हॉजसन स्वतः तो हाती घेऊन वायूने भरलेल्या भागात गेला. तेथे एकटाच काम करणाऱ्या एका मजुरास या प्रयोगाची काहीच कल्पना दिलेली नव्हती. उघडी ज्योत आपल्याकडे चालत येत आहे असे पाहून तो दिवा विझविण्यासाठी जिवाच्या आकांताने ओरडला. ज्योत जवळ आली, आणि काहीच झाले नाही! त्या मजुराच्या मनाची त्या क्षणीची स्थिती ज्यास कल्पिता येईल, त्यास या शोधाचे मोल निराळे सांगावयास नको.

आता दानाचा प्रश्न येतो. बडलने डेव्हीस सुचविले की, या दिव्याचे पेटंट घेतल्यास वर्षाकाठी पाच-दहा हजार पौंडांची प्राप्ती सहज होईल. डेव्हीने नकार दिला. मनुष्यजातीची सेवा घडावी एवढाच आपला हेतू होता आणि तो साधला यात आपणांस पुरेसे समाधान आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हा नकार त्या काळी सामान्य नव्हता. जेम्स वॉटने वाफेच्या यंत्रातील आपल्या सुधारणेचे पेटंट १७६९ मध्ये घेतले होते, आणि पार्लमेंटने ते १८०० पर्यंत वाढवून दिले होते. त्यात अधर्म होता असे आम्ही म्हणत नाही. ज्याने वर्षानुवर्षे कष्ट केले, कर्ज काढले, त्याने मोबदला मागावा हे न्याय्यच आहे. परंतु ज्या वस्तूवर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिच्यावर कुंपण घालावयाचे की नाही, हा प्रश्न निराळा आहे. अन्नछत्राच्या दाराशी कोणी नाणे मागत नाही.

गीतेने दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक दान. डेव्हीचे दान या कसोटीस उतरते काय? स्थळ योग्य होते, काळ योग्य होता, आणि खाणीतील मजुराहून अधिक योग्य पात्र कोणते असणार? पैशाची अपेक्षा तर त्याने स्पष्टच नाकारली. येथपर्यंत आम्ही निःशंकपणे त्यापुढे मस्तक लववितो.

परंतु कथा येथे थांबत नाही. त्याच वेळी, त्याच परिसरात, किलिंगवर्थच्या खाणीवर जॉर्ज स्टीफन्सन नावाचा एक यंत्रकार काम करीत होता. तो खाणमजुराच्या घरात जन्मला होता आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यास लिहिता-वाचता येत नव्हते. त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण खाणीतील वायू कोठून येतो व कसा जळतो हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने आपल्या बुद्धीने एक दिवा घडविला. त्यात हवा बारीक नळ्यांवाटे व छिद्रांवाटे आत येई आणि ज्योतीभोवती काच असे. २१ ऑक्टोबर १८१५ रोजी तो दिवा पेटवून, ज्या भेगेतून वायू फुसफुसत बाहेर पडत होता, तेथपर्यंत तो स्वतः चालत गेला. सोबतचे लोक मागे थांबले. दिवा फसला असता तर स्टीफन्सन जगता ना. या दिवसापर्यंत डेव्हीने आपले संशोधन रॉयल सोसायटीपुढे मांडलेले नव्हते. तो निबंध वाचला गेला तो ९ नोव्हेंबर रोजी.

दोघांनी दोन वाटांनी एकाच तत्त्वाजवळ पोहोचावे, ही गोष्ट वास्तविक आनंदाची होती. एकाच देवळास दोन दरवाजांनी दोन भक्तांनी यावे तसे हे होते. पण डेव्हीला ते सहन झाले नाही. रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या यंत्रकाराने हा शोध स्वतंत्रपणे लावला हे त्यास खरे वाटेना, आणि त्याने आपली कल्पना चोरली असा आरोप तो करू लागला. १८१७ मध्ये खाणमालकांनी डेव्हीस न्यूकॅसल येथे समारंभपूर्वक चांदीची भांडी अर्पण केली. तेव्हा स्टीफन्सनच्या पाठिराख्यांनी वर्गणी काढून त्यास एक हजार पौंड देण्याचे ठरविले. यावर लंडनमधील थोर शास्त्रज्ञांनी डेव्हीच्या बाजूने जाहीर ठराव केला. ज्या दिव्याने माणसे वाचावयाची, त्याच्या श्रेयावरून दोन तट पडले आणि बराच काळ ते तसेच राहिले.

या प्रसंगाने आम्हांस फार अंतर्मुख केले. ज्याने वर्षाचे दहा हजार पौंड एका शब्दात सोडले, त्यास अग्रमानाचा हक्क सोडता येऊ नये! येथे आमच्या संतांचे व आचार्यांचे म्हणणे किती खोल आहे ते पटते. कांचनाचा त्याग कठीण खरा, पण कीर्तीचा त्याग त्याहून कठीण. द्रव्य हे आपल्या बाहेर असते, म्हणून ते हातातून सोडता येते. ‘हे मी केले’ हा भाव आपल्या आत असतो आणि दानाबरोबर तो सहसा दिला जात नाही. डेव्हीस दोष देण्यापूर्वी आपण आपल्या देवळांत जरा सभोवार पाहावे. फरशीवर, घंटेवर, बाकावर, पंख्याच्या पात्यावरही दात्याचे नाव कोरलेले आपणांस दिसेल. पैसा देवास दिला, पण नाव आपणांपाशी ठेविले. ते नाव वाचून पुढच्या मनुष्यास देण्याची प्रेरणा होते, असे याचे समर्थन केले जाते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु आपल्या नावाशेजारी दुसऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत कोरले गेल्यास आपणांस काय वाटते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. डेव्हीची परीक्षा नेमकी तेथे झाली.

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. हा दिवा खाणींत सर्वत्र गेला. मग अपघात कमी झाले काय? १८३५ मध्ये पार्लमेंटच्या एका समितीने या विषयाची चौकशी केली. डरहॅम व नॉर्थंबरलंड या दोन परगण्यांत दिवा येण्यापूर्वीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसे दगावली होती. दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ५३८. ज्या दिव्याने मरण थांबावयाचे, तो आल्यावर मरण वाढले! समितीचे काम चालू असतानाच, १८ जून १८३५ रोजी, वॉल्सएंडच्या खाणीत स्फोट होऊन १०२ जीव गेले. त्या खाणीची व्यवस्था दिव्याचा पहिला पुरस्कर्ता जो बडल, त्याच्याच देखरेखीखाली होती.

असे का व्हावे? कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. वायूच्या भयाने जे थर सोडून दिलेले होते, ते दिव्याच्या भरवशावर पुन्हा उघडण्यात आले. छतास आधार म्हणून राखलेले कोळशाचे खांबही काढून घेण्यात येऊ लागले. खाणी अधिक खोल गेल्या, माणसे अधिक उतरली, कोळसा अधिक निघाला. हवा खेळती ठेवण्यासाठी नव्या विहिरी खणणे खर्चाचे काम होते. हाती दिवा आहे तर तो खर्च कशास, असा विचार बळावला. मजुराच्या बाजूनेही अडचण होती. जाळीमुळे उजेड मंद पडे, आणि मजुरी तर फोडलेल्या कोळशाच्या मापाने मिळे. पोराबाळांच्या पोटासाठी जाळी काढून उघड्या ज्योतीवर काम करण्याचा मोह त्यास होई. जाळी गंजे, फाटे, काजळीने भरे. शिवाय वाऱ्याचा झोत दर सेकंदास पाच-सहा फुटांहून अधिक वेगाने आला, तर ज्वाला जाळीपलीकडे ढकलली जाण्याचा संभव असे. झोताच्या धोक्याची सूचना डेव्हीने स्वतःच दिली होती, पण दिवा जितक्या दूर गेला तितकी ती सूचना गेली नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, केवळ या दोन आकड्यांवरून दिवा व्यर्थ ठरत नाही. त्या काळात कोळशाचे उत्पादन व मजुरांची संख्या दोन्ही वाढली होती. दिवा नसता आणि त्याच थरांत उघड्या मेणबत्त्या घेऊन माणसे उतरली असती, तर काय झाले असते हे सांगावयास नको. वैयक्तिकरीत्या पाहता, वायू साचलेल्या जागी जो मजूर जाळीचा दिवा घेऊन उभा राहिला, तो उघड्या ज्योतीवाल्याहून अधिक सुरक्षित होता यात संशय नाही. परंतु त्या सुरक्षिततेचे माप घेऊन लोभाने आपले पाऊल तेवढेच पुढे टाकले, हेही तितकेच खरे.

तर मग या मरणांचा हिशेब कोणाच्या खाती मांडावा? कोणी म्हणेल, डेव्हीच्या; त्याने दिवा दिला नसता तर ते थर उघडलेच गेले नसते. हे मत आम्हांस मान्य नाही. विहीर खणणाऱ्यावर तीत बुडून मरणाऱ्याचे पाप घातले, तर जगात कोणी विहीर खणणार नाही. कोणी म्हणेल, दात्याचा संबंध दान सुटताच तुटतो. ‘न मम’ म्हणून उदक सोडले की पुढचे पुढच्याने पाहावे. हे मतही आम्हांस पुरते पटत नाही. ‘न मम’ याचा अर्थ ‘माझी मालकी नाही’ असा आहे. ‘माझे लक्ष नाही’ असा तो नव्हे. कन्येचे दान केलेला पिता तिच्यावरील हक्क सोडतो, पण ती सुखात आहे की नाही याची चौकशी करण्याचे सोडीत नाही. गाय दान द्यावयाची ती दूध देणारी, धडधाकट असावी, आणि घेणाऱ्याच्या दारी चारा आहे की नाही हे पाहून द्यावी, असे आपले वडीलधारे सांगत आले. पात्रापात्रविचार हा दानाच्या क्षणापुरताच मर्यादित नाही.

आमच्या मते येथे दायित्वाचे तीन भाग पडतात. ज्ञान ज्याने शोधले, त्याचे काम ज्ञान मोकळे करणे आणि त्याच्या मर्यादा तितक्याच मोठ्या आवाजात सांगणे. ज्याच्या हाती सत्ता व द्रव्य आहे, त्याचे काम त्या ज्ञानाचा उपयोग माणसासाठी करणे आणि माणसाचा उपयोग नफ्यासाठी न करणे. आणि ज्या समाजाची चूल त्या कोळशावर पेटते, त्याचे काम स्वस्त कोळशाची खरी किंमत कोण मोजीत आहे हे विचारणे. यांतील पहिल्या भागात डेव्ही बहुतांशी उत्तीर्ण झाला. दुसऱ्या व तिसऱ्या भागात जग नापास झाले, आणि दिवा चांगला आहे एवढे समाधान मानून स्वस्थ बसले. पुण्यवान वस्तू घरात आली म्हणजे आपणांस पुण्य करावयाचे उरत नाही, हा भ्रम फार जुना आहे.

पुढे त्या देशास हे हळूहळू उमगले. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलांस खाणीत उतरविण्यास बंदी झाली. १८४४ मध्ये हॅसवेलच्या खाणीत ९५ जीव गेले, तेव्हा सरकारने चौकशीसाठी भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल याच्याबरोबर ज्यास पाठविले, तो मायकेल फॅरडे होता. डेव्हीच्या प्रयोगशाळेत जाळीच्या दिव्यास हातभार लावणारा तो तरुण आता स्वतः विद्युत्‌शास्त्राचा आचार्य झाला होता. १८३१ मध्ये त्याने लावलेल्या शोधावर आजची बहुतेक वीजनिर्मिती उभी आहे. गुरूचा दिवा गेल्यावर एकोणतीस वर्षांनी शिष्य त्या अंधारात उतरला, आणि कोळसा काढून घेतलेल्या पोकळ्यांत साचणारा वायू बाहेर काढण्याची व्यवस्था कशी करावी, याचा विचार त्याने व लायेलने आपल्या अहवालात मांडला. आम्हांस हे दृश्य फार अर्थपूर्ण वाटते. ज्ञानाची परंपरा म्हणजे केवळ विद्या पुढे नेणे नव्हे. गुरूने दिलेले दान पुढे कोठे तोकडे पडले ते जाऊन पाहणे, हाही ऋण फेडण्याचा एक मार्ग आहे. १८५० मध्ये खाणींवर सरकारी तपासनीस नेमण्याचा कायदा झाला. १८६२ मध्ये हार्टलेच्या खाणीची एकुलती एक विहीर बुजून २०४ माणसे आत कोंडून मेली, तेव्हा कोठे प्रत्येक खाणीस बाहेर पडण्याच्या दोन वाटा असल्याच पाहिजेत असे ठरले. दुसरी वाट असावी हे समजण्यास कोणत्याही नव्या शोधाची गरज नव्हती. गरज होती ती खर्च करण्याच्या इच्छेची.

ही परदेशातील जुनी कथा आहे असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. जॉर्ज स्टीफन्सनने व त्याच्या पुत्राने ज्या आगगाडीस रूप दिले, ती १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली, आणि तिच्या पाठोपाठ कोळशाची भूकही आपल्या देशात आली. २८ मे १९६५ रोजी, त्या वेळच्या बिहारातील धोरी येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २६८ मजूर मेले. तोपर्यंत जाळीच्या दिव्यास दीडशे वर्षे झाली होती. ज्ञान होते, साधने होती, कायदेही होते. आज आपल्या घरात बटण दाबताच जो उजेड पडतो, त्याचा फार मोठा भाग अद्याप कोळशातूनच येतो. समईपुढे हात जोडताना तेल देणाऱ्याचे आपण स्मरण करतो. विजेच्या दिव्याखाली बसताना भूमीच्या पोटात उतरलेल्या माणसाचे स्मरण आपणांस होते काय?

डेव्हीच्या चरित्रातील एक शेवटची गोष्ट सांगावयाची राहिली. ती आम्हांस त्याच्या वादापेक्षा अधिक प्रिय आहे. खाणमालकांनी दिलेली ती चांदीची भांडी त्याच्या इच्छेनुसार पुढे रॉयल सोसायटीकडे आली. ती विकून आलेल्या पैशांतून रसायनशास्त्रातील उत्कृष्ट संशोधनासाठी एक पदक ठेवण्यात आले, आणि १८७७ मध्ये ते प्रथम बुन्सेन व किर्खोफ या दोन जर्मन शास्त्रज्ञांस मिळून देण्यात आले. पदकास नाव डेव्हीचेच राहिले हे खरे. पण ज्याने हयातीत श्रेयाचा वाटेकरी सहन केला नाही, त्याच्या मानाच्या चांदीतून निघालेले पहिलेच पदक दोघांनी वाटून घ्यावे, यात काळाने त्याच्या दानातील उणीव थोडीशी भरून काढली असे आम्ही समजतो.

नंदादीप एकदा लावला म्हणून आपोआप अखंड राहत नाही. कोणी तरी पहाटे उठून काजळी झाडतो, वात पुढे सारतो, तेल पाहतो. त्या माणसाचे नाव कोणत्याही फरशीवर कोरलेले नसते. दिवा देणाऱ्याचे पुण्य आम्ही कमी लेखीत नाही. पण ज्याच्या रोजच्या लक्षावर ती ज्योत टिकते, त्याच्या पंक्तीस बसण्याची इच्छा आपण धरावी. आपल्या गावच्या देवळात, शाळेत, पाणवठ्यावर पूर्वजांनी आणि परक्यांनीही दिलेली जी जी साधने आज आपल्या हाती आहेत, त्यांची जाळी कोठे गंजली आहे ते पाहण्यास आपण स्वतः जावे. डेव्हीच्या दिव्याने मागे ठेविलेले काम ते हेच, आणि त्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही.